घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा : जोडीदाराच्या अखेरच्या काळात ती कितपत उपयोगी पडते?

नवऱ्याचा किंवा बायकोचा आजार आता बरा होणार नाही हे कळल्यावर बहुतेक घरांना दोनच वाटा दिसतात. एक आयसीयूची, दुसरी ‘आता घरी घेऊन जा’ ही. दुसरी वाट धरणाऱ्या जोडीदाराच्या हातात डिस्चार्ज कार्ड असतं, गोळ्यांची पिशवी असते, आणि रात्री दोन वाजता दुखणं वाढलं तर काय करायचं याबद्दल एक ओळही नसते. घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि इतर त्रास कमी करणारी टीम, ही उणीव भरून काढते. तिच्यातलं चांगलं काय, ती कमी कुठे पडते आणि तिच्याकडून काय मागून घ्यावं, ते इथे लिहितो आहोत.

मराठी मुलखात ही सेवा नवी नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांसाठीचं केंद्र, आणि त्याची एक शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे. मुंबईत टाटा मेमोरियलचा स्वतःचा पॅलिएटिव्ह विभाग आहे, आणि पालकेअरसारखी संस्था घरी जाऊन सेवा देते. शांती आवेदना, वारजे आणि पालकेअर या तिन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, हे अनेकांना शेवटपर्यंत माहीत नसतं. वारज्याबद्दल आणखी एक गैरसमज आहे, की तिथे माणसाला शेवटच्या दिवसांसाठीच नेतात. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, दुखणं-उलट्या-जखम आटोक्यात आणतात, घरी काळजी कशी घ्यायची ते त्या माणसाला शिकवतात, आणि कितीतरी रुग्ण तिथून घरी परततात. घरी येणारी टीमही हेच काम तुमच्या खोलीत करते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ही सेवा घ्यावी, आणि ‘अजून तेवढं झालेलं नाही’ असं वाटत असतानाच घ्यावी. केमो चालू असली तरी घेता येते. शेवटच्या चार दिवसांत बोलावलेल्या टीमला औषधाचा डोस बसवायला वेळ मिळत नाही, घरच्यांशी ओळख होत नाही, आणि जोडीदाराला तर त्यांच्याकडून काहीच मिळत नाही.

पहिल्या भेटीला डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक यांपैकी किमान दोघं यायला हवीत, आणि भेट तासभर तरी चालायला हवी. बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, चालू औषधं आणि ती खरोखर कोणत्या वेळी दिली जातात याची यादी समोर ठेवावी. सोबत क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट असला तर फार बरं. किडनी मंदावली असेल तर मॉर्फिन (तीव्र दुखण्यावरचं औषध) अंगात साचतं आणि डोस वेगळा बसवावा लागतो. चांगली टीम दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगते, शेवटची शौचाला कधी झाली ते विचारते, तोंडात बॅटरी मारून बघते, पाठ आणि टाचा उघड्या करून बघते. नुसतं बीपी आणि ऑक्सिजन मोजून ‘काळजी घ्या’ म्हणून निघणारी टीम असेल तर दुसरी शोधा.

आता मॉर्फिन. या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि सगळ्यात मोठी भीतीही इथेच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये या गोळ्या मिळत नाहीत. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधं ठेवणं सोपं झालं. म्हणून गोळ्या संस्थेमार्फतच घ्याव्या लागतात आणि त्यांचा हिशोब ठेवावा लागतो. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने, म्हणजे १० च्या अर्ध्या गोळीने होते. वय जास्त किंवा अंगकाठी अगदी बारीक असेल तर त्याहून कमीने. वेळा सहसा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा लावून देतात. रात्रीचा डोस दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री दोघांनाही उठावं लागत नाही. मधेच दुखणं उसळलं तर एका वेळचा तेवढाच जादा डोस द्यायचा, तो वहीत वेळेसकट लिहायचा, आणि दिवसात तीन-चार वेळा जादा द्यावा लागला तर टीमला फोन करायचा. त्या नोंदी बघूनच डॉक्टर नेहमीचा डोस वाढवतात, त्यामुळे वही नीट नसेल तर डोसही नीट बसत नाही. आकडे मात्र प्रत्येकाचे वेगळे, डोस टीमनेच ठरवायचा.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, ‘फारच दुखलं तर देऊ’ असं घरचे ठरवतात. दुखणं शिगेला पोचल्यावर दिलेली गोळी कमी पडते, जास्त द्यावी लागते, त्याने गुंगी येते, आणि मग ‘बघा, मॉर्फिनने कसं झालं’ असा निष्कर्ष निघतो. दुखण्यासाठी बसवलेल्या डोसमध्ये व्यसन लागण्याची भीती बाळगण्याचं कारण नाही, आणि मॉर्फिन सुरू केलं म्हणून माणूस लवकर जात नाही. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, काहींना मळमळतं. दोन्ही बहुधा ओसरतात. हातपाय झटके देत असतील, हलवूनही नीट जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करायचा.

दुसरी गोष्ट बद्धकोष्ठाची, आणि ती कधीच आपोआप सुटत नाही. मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. तीन दिवस शौचाला झाली नाही तर वाट बघू नये. यात एक फसवा प्रकार आहे. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शौच गळत राहते. घरच्यांना जुलाब वाटतात, ते पोट साफ होण्याचं औषध बंद करतात, आणि खडा आणखी घट्ट होतो. अशा वेळी नर्सकडून तपासून घ्यावं.

गिळता येत नसेल तर काही रुग्णांना फेंटॅनिलचा पॅच, म्हणजे मॉर्फिनसारख्याच औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी, लावतात. तो लावल्यावर पूर्ण परिणाम यायला १२ ते २४ तास जातात, म्हणून तेवढा वेळ आधीची औषधं कशी चालू ठेवायची ते विचारून घ्या. पॅच ७२ तासांनी बदलतात, जागा बदलून. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध भराभर अंगात जातं. अंगात ताप चढला तरी तेच, म्हणून ताप आला की टीमला कळवा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, नातवंडांच्या हाती लागू द्यायचा नाही.

खाटेबद्दल टीम जेवढं सांगते त्यापेक्षा जास्त सांगायला हवं, असं आम्हाला वाटतं. फाउलर बेड (डोकं-पाय वर-खाली करता येणारी दवाखान्यातली खाट), कमोड खुर्ची, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) हे सगळं महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत रुग्णसाहित्य केंद्रांत अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं. ही केंद्रं ट्रस्ट, मंडळं, ज्ञातिसंस्था चालवतात. विकत घेऊ नका. फाउलर बेड आणताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तो एका माणसापुरता असतो, कठडे लोखंडी असतात, आणि चाळीस वर्षं शेजारी झोपलेली दोन माणसं एका रात्रीत वेगळी होतात. जोडीदाराची कॉट त्याच उंचीवर आणून अगदी चिकटून लावा, त्या बाजूचा कठडा खाली ठेवा, सुईचा हात दुसऱ्या बाजूला येईल असा बेड फिरवा. झोपेत हाताला हात लागला तर रुग्णाची तगमग किती कमी होते, ते नर्सना विचारा.

हवेची गादी, म्हणजे अल्फा बेड, बहुतेक घरांत चुकीची लावलेली दिसते. ती नेहमीच्या गादीच्या वर अंथरायची, तिच्याऐवजी नाही. पंप पायथ्याला अडकवायचा, नळ्या मुरगळलेल्या नाहीत हे बघायचं, आणि बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं. ‘जास्त कडक म्हणजे जास्त चांगली’ हा समज चुकीचा आहे. माणूस झोपल्यावर माकडहाडाखाली गादीच्या तळाशी तळहात सरकवून बघा. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. वर एकच पातळ सुती चादर. रबरी शीट, चादर, गोधडी आणि वर डायपर अशी चळत रचली की गादीचा उपयोगच उरत नाही. लाइट गेली की गादी हळूहळू बसते. तेव्हा नळ्या पंपापासून काढून त्यांची तोंडं बंद करायची. आणि गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन तिरपं, साधारण तीस अंशांवर. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. सरकवताना माणसाला काखेत धरून ओढू नका. पाठीखाली घडी घातलेली चादर ठेवून दोघांनी ती दोन्हीकडून उचला. लाल झालेल्या हाडाच्या जागी मालीश करू नये, आतली त्वचा आणखी फाटते. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

वास येणारी जखम, विशेषतः तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची, जोडीदाराला खोलीबाहेर लोटते, आणि त्याची लाज दोघांनाही वाटते. यावर स्वस्त उपाय आहे. जखम मिठाच्या पाण्याने धुवायची (एक लिटर पाणी उकळून त्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ, थंड करून), आणि मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची गोळी बारीक पूड करून जखमेवर भुरभुरायची किंवा जेल लावायची. पट्टी सुकून चिकटली असेल तर ओढू नका, हेच पाणी टाकून भिजू द्या. ओढली की रक्त येतं. काही दिवसांत वास बराच कमी होतो. टीमने हे पहिल्या भेटीतच करून दाखवायला हवं. ते झालं की बायको पुन्हा नवऱ्याजवळ बसून चहा पिऊ शकते, आणि आमच्या लेखी याची किंमत कुठल्याही महागड्या इंजेक्शनपेक्षा जास्त आहे.

धाप लागत असेल तर आधी टेबलफॅन. गाल आणि नाकावर थंड झोत येईल असा, पाठ उंच करून, खिडकी उघडून, खोलीतली गर्दी कमी करून. रक्तातला ऑक्सिजन चांगला असेल तर कॉन्सन्ट्रेटरने फारसा फरक पडत नाही. मॉर्फिनचा लहान डोस मात्र धापेवरही चालतो. तोंड कोरडं पडतं ते दर दोन तासांनी ओलं करायचं: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा, त्यात बुडवून पिळलेलं मऊ कापड, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. ऑक्सिजन चालू असेल तर तूप-व्हॅसलीन टाळा, नर्सकडून पाण्यातलं जेल घ्या.

जेवणावरून मात्र घरोघरी वाद होतात. ‘खाल्लं नाही तर शक्ती कुठून येणार’ म्हणत चमचा तोंडाशी धरला जातो आणि तोंड फिरवलं जातं. या टप्प्यावर शरीर अन्न वापरू शकत नाही. भूक गेली म्हणून आजार वाढत नाही, आजार वाढला म्हणून भूक गेलेली असते. दोन चमचे पेज, घोटभर ताक, आवडत असेल तर आंब्याची फोड चोखायला, एवढं पुरे, आणि तेही मागितलं तरच. शेवटच्या दिवसांत सलाइन लावायचा आग्रह धरू नका. पाणी पायांत, फुप्फुसात आणि घशात साचतं, आणि धाप वाढते. हे बायकोला पटवणं अवघड असतं, कारण खायला घालणं हीच तिची चाळीस वर्षांची भाषा असते. चांगली नर्स तिला ‘देऊ नका’ म्हणून मोकळी होत नाही. ती तिच्या हाती दुसरं काम देते: पाय खोबरेल तेलाने चोळणं, ओठ ओले करणं, केस विंचरणं.

सेवेचा खरा कस इथेच लागतो. टीममधलं कुणीतरी ‘काकू, तुम्ही जेवलात का? रात्री किती तास झोपता?’ असं विचारतं का, आणि उत्तर ऐकायला थांबतं का, ते बघा. समुपदेशकाने जोडीदाराशी वेगळं, गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात, रुग्णाच्या कानाआड बोलायला हवं. तिथे राग निघतो, पैशाची चिंता निघते, ‘सुटले तर बरं’ असं वाटल्याची बोचणी निघते. तसं वाटणं हा गुन्हा नाही, हे बाहेरच्या जाणत्या माणसाने सांगितलं की फार मोठं ओझं उतरतं.

‘ह्यांना काही सांगू नका’ ही विनंती प्रत्येक टीमला ऐकावी लागते. चांगली टीम घरच्यांशी भांडत नाही आणि रुग्णाशी खोटंही बोलत नाही. ती रुग्णालाच विचारते, ‘काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणखी काही जाणून घ्यायचंय का?’ बहुतेकांना माहीतच असतं. ते बायकोला सांभाळण्यासाठी गप्प असतात, आणि बायको त्यांना. ही कोंडी फुटली की बँकेचं नॉमिनेशन, मुलीशी अबोला, घराचा कागद अशा राहिलेल्या गोष्टी बोलल्या जातात. व्हेंटिलेटर नको असेल तर तेही याच वेळी लिहून ठेवता येतं. अशा आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. त्याची एक प्रत टीमच्या फाइलला लावा.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली रात्रीची. बऱ्याच सेवा दिवसा भेटी देतात आणि रात्री फक्त फोनवर असतात. काही फोनवरही नसतात. नाव नोंदवतानाच विचारा: रात्री अकरानंतर फोन कोण उचलतं, डॉक्टर की ऑपरेटर? दुसरी अंतराची. शहराच्या ठरावीक टप्प्यापलीकडे टीम येत नाही, आणि तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी हात रिकामेच राहतात. केरळने २००८ सालीच पॅलिएटिव्ह सेवेचं सरकारी धोरण आणलं. आपल्याकडचं जाळं त्या मानाने फार विरळ आहे, आणि याची खंत वाटते. गावी असाल तर नेहमीच्या डॉक्टरांना शहरातल्या टीमशी फोनवर जोडून द्या, भेटीचं काम ते करू शकतात. तिसरी उणीव नर्सिंग ब्यूरोकडून पगारावर येणाऱ्या माणसांची. बारा तासांच्या पाळीला येणाऱ्या मावशी किंवा मामा मनाने चांगले असतात, पण कूस बदलण्याचं आणि औषधाच्या वहीचं शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नसतं. टीमची नर्स येईल त्या दिवशी त्यांना हजर ठेवा आणि त्यांच्याकडून एकदा करून घ्या. आणि जोडीदार पार थकला असेल तर रुग्णाला थोडे दिवस केंद्रात दाखल करता येईल का, हे विचारायला संकोच करू नका.

शेवटचे दिवस जवळ आले की टीमने एक छोटी पेटी घरी ठेवून द्यावी: मॉर्फिन, तगमग आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट, ताप उतरवण्याची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी). गिळणं थांबलं की दंडाच्या किंवा पोटाच्या कातडीखाली बारीक सुई बसवून औषधं देता येतात. नाकात नळी घालावी लागत नाही. घरघर ऐकवत नाही, पण तोवर रुग्णाला तिची जाणीव बहुधा नसते. कुशीवर वळवा, स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन नको, त्याने घसा खरवडला जातो आणि स्राव पुन्हा भरतो. श्वास मधेच थांबून परत सुरू होणं, गुडघे-तळवे गार आणि जांभळट होणं हे अपेक्षित आहे, हे जोडीदाराला आधी सांगितलेलं असलं तर शेवटच्या तासात कुणी घाबरून १०८ ला फोन करत नाही. बोलत राहा, ऐकू येत असेल असं धरूनच.

दाखल्याचं आधी ठरवा. घरी मृत्यू झाला तर आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४-अ, द्यायचं असतं. त्याशिवाय स्मशानभूमीत अडतं. टीमचे डॉक्टर पहाटे येतील का, नाहीतर फॅमिली डॉक्टर देतील का, हे नाव-फोनसकट फ्रिजवर चिकटवा. शेजारच्या डॉक्टरने रुग्णाला कधी पाहिलेलंच नसेल तर तो सही करायला नकार देतो, आणि त्याचं बरोबरच असतं. आधारकार्डाच्या झेरॉक्स दोघांच्याही काढून ठेवा. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते.

नंतर उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून संस्थेला परत द्यायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. बेड आणि पंप केंद्राला परत करून अनामत घेण्याचं काम मुलावर किंवा भाच्यावर सोपवा, जोडीदारावर नको. चांगल्या सेवेतला समुपदेशक दिवसकार्य आटोपल्यावर पुन्हा फोन करतो, पुढे काही महिन्यांनीही करतो. नाव नोंदवताना याबद्दलही विचारा, आणि फोन मुलांच्या नंबरवर नको, थेट जोडीदाराच्या नंबरवर यावा असं लिहून द्या.